समोरून जहाज येतंय: नवख्या कयाकवाल्यांनी आधी काय शिकावं

कयाक शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या तुकडीत एक प्रश्न हमखास येतो: "जहाज आणि कयाक एकमेकांच्या वाटेत आले, तर आधी जायचा हक्क कुणाचा?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. आपली होडी लहान, हाताच्या बळावर चालणारी. रस्त्यावर गाडी पायी चालणाऱ्यासाठी थांबते, तसं जहाजानं थांबावं. पाण्यावर हा हिशेब चालत नाही. तो डोक्यातून गेल्याशिवाय मी कुणालाही जहाजांच्या वाटेजवळ नेत नाही.

समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७पासून लागू झाले. त्यांतला अठरावा नियम कुणी कुणाला वाट द्यायची ते सांगतो: इंजिनवाल्यानं शिडाच्या होडीला, शिडाच्या होडीनं मासेमारी करत असलेल्या बोटीला, असं वर वर जात. या उतरंडीत वल्ह्यांच्या होडीचं नावच नाही. नववा नियम मात्र थेट आपल्याबद्दल बोलतो. अरुंद जलमार्गाबाहेर ज्या जहाजाला सुखरूप जाताच येत नाही, त्याच्या वाटेत २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या होडीनं अडथळा आणायचा नाही. कयाक असते जेमतेम पाच मीटरची.

'अडथळा आणायचा नाही' हे शब्द नीट समजून घ्या. जहाज जवळ आल्यावर बाजूला होणं म्हणजे नियम पाळणं नव्हे. जहाज चालवणाऱ्याला तुमच्याबद्दल विचार करायची वेळच येऊ नये, इतक्या आधी तुम्ही बाजूला असायला हवं. नद्या, कालवे आणि बंदरांचे स्थानिक नियम याशिवाय वेगळे असतात. काही ठिकाणी कयाकला ठरावीक पट्ट्यात मज्जावच असतो. निघण्यापूर्वी ते वाचावेच लागतात.

जहाजाला थांबता का येत नाही

जहाजांच्या चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक असं आहे: पूर्ण वेगात असताना इंजिन पूर्ण उलटं फिरवलं, तर जहाज सर्वसाधारणपणे स्वतःच्या लांबीच्या १५ पटींच्या आत थांबलं पाहिजे. ३०० मीटरच्या जहाजासाठी हे अंतर साडेचार किलोमीटर होतं. बंदराजवळ वेग कमी असतो, त्यामुळे अंतरही कमी लागतं. पण वेग कमी झाला की सुकाणूचा जोरही कमी होतो. शिवाय जलमार्ग अरुंद असेल तर वळून जाणार कुठे? मार्ग सोडला की जहाज गाळात रुतणार. म्हणजे चालकाला तुम्ही दिसलात आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकला, तरी त्याच्या हातात फार काही उरलेलं नसतं.

आणि बऱ्याचदा तुम्ही दिसतच नाही. मोठ्या जहाजांबाबतचा नियम ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच खोलीतून, पुढचं पाणी किती अंतरापर्यंत झाकलेलं चालेल ते सांगतो: जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल ते. अर्धा किलोमीटर आंधळा पट्टा, आणि तोही नियमात बसणारा. एकदा एका मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर उभं राहायला मिळालं होतं. समोर कंटेनरच्या रांगा, त्यांच्या कडेपलीकडे एकदम लांबचं पाणी. एक छोटी कामाची बोट आडवी येत होती. बघता बघता ती कंटेनरच्या रेषेखाली गेली आणि नाहीशी झाली. तिथे उभे असलेले सगळे शांतपणे वाट बघत होते. मग ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि कुणीतरी श्वास सोडला. त्या बोटीत इंजिन होतं, वर दिवा होता, रंग भगभगीत केशरी होता. त्या जागी मी स्वतःची कयाक कल्पून पाहिली, आणि तेव्हापासून जहाजासमोरून जायची इच्छाच उरली नाही.

रडारवर भरवसा ठेवू नका. प्लॅस्टिकची किंवा फायबरची कयाक पाण्याला चिकटून असते. रडारच्या पडद्यावर ती लाटांच्या गर्दीत हरवते.

निघण्यापूर्वी

सागरी नकाशा काढा आणि जहाजांचा मार्ग कुठून जातो ते पाहा. त्याच्या दोन्ही कडांना बोया, म्हणजे तळाशी साखळीनं बांधलेल्या तरंगत्या खुणा, असतात. लाल आणि हिरव्या बोयांची बाजू जगात सगळीकडे सारखी नाही. युरोप, आफ्रिका, भारत इथे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला असतात. अमेरिका खंडांत, जपानमध्ये, फिलिपिन्समध्ये त्या उजव्या हाताला. परदेशात वल्हवायला गेलात तर हे पाठ करून जा.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. कयाकला वीतभर पाणी पुरतं. बोयांच्या बाहेरचं जे उथळ पाणी जहाजाला वर्ज्य आहे, तेच आपलं मोकळं मैदान. म्हणून प्रवास बोयांच्या बाहेरून करायचा आणि मार्ग ओलांडणं अगदीच गरजेचं असेल तेव्हाच ओलांडायचा. नव्या लोकांना मी सांगतो, पहिल्या काही सफरींत ओलांडूच नका. कडेनं जा, जहाजं बघा, घड्याळ लावून मोजा: एक जहाज एका बोयापासून दुसऱ्या बोयापर्यंत किती वेळात जातं? नकाशावरून त्या बोयांमधलं अंतर काढा. हा अभ्यास कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर डोळे उघडतो, कारण मोठं जहाज लांबून नेहमी संथ वाटतं.

भरती-ओहोटीच्या वेळा, वारा आणि शक्य असेल तर जहाजांचं वेळापत्रक बघा. ज्यांचा तळ पाण्यात खोलवर जातो अशी जहाजं बऱ्याच बंदरांत भरतीच्या वेळी येतात-जातात. फोनवरची जहाजं दाखवणारी ॲप उपयोगी आहेत, पण त्यांतली जागा मिनिटा-दोन मिनिटांपूर्वीची असू शकते आणि सगळ्या बोटी त्यात दिसत नाहीत. नियोजनासाठी ती ठीक. ओलांडायचं की नाही, हे डोळ्यांनीच ठरवायचं.

सामान थोडक्यात सांगतो. लाईफ जॅकेट अंगात, डेकवर बांधलेलं नव्हे. शिट्टी जॅकेटला अडकवलेली. कपडे आणि वल्ह्याची पाती भडक रंगाची. पांढरी कयाक फेसाळ लाटेसारखी दिसते. लांबून सगळ्यात आधी नजरेत भरतं ते ओल्या पात्याचं चमकणं. पाण्यात चालणारा व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे जहाजांशी आणि बंदराशी बोलायचा बिनतारी संच, निदान म्होरक्याकडे हवा. त्यासाठी अनेक देशांत परवाना लागतो. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पण फोन म्हणजे रेडिओ नव्हे: शेजारून चाललेल्या जहाजाचा नंबर तुमच्याकडे नसतो.

कडेला थांबा आणि बघा

ओलांडायची जागा सरळ, दोन्हीकडे लांबवर दिसणारी निवडा. वळणावर कधीच नको. तिथे जहाज अचानक समोर येतं, आणि वळताना त्याचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फेकला जातो. पुढचं टोक तुमच्यापासून दूर गेलं म्हणून तुम्ही निश्चिंत होता आणि शेपूट तुमच्याकडे येत असतं.

मार्गाच्या बाहेर, बोयापासून हातभर नव्हे तर चांगलं अंतर राखून थांबा. बोया धरून थांबणं मला मुळीच मान्य नाही. प्रवाह असेल तर तो कयाकला बोयावर आणि तिच्या साखळीवर दाबून उलटवतो.

आता बघायचं काय? कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर वर असतात. एवढ्या उंचीवरून क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवर येतं. जहाज उंच असल्यानं त्याचा वरचा भाग त्याआधी दिसतो, पण हवा धूसर असेल किंवा मागे किनाऱ्यावरच्या इमारती असतील, तर तोही मिसळून जातो. २० नॉटनं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) येणारं जहाज मिनिटाला सहाशे मीटरहून जास्त पाणी कापतं. क्षितिजापासून तुमच्यापर्यंत साधारण पाच मिनिटं.

कानांवर विसंबू नका. इंजिन मागच्या भागात असतं, आणि समोरून येणारं जहाज आश्चर्य वाटावं इतकं शांत असतं. दर मिनिटाला मान वळवून मागेही बघा. कयाकमध्ये हे अवघड जातं, म्हणून गटात कामं वाटून घ्या: एकानं उजवीकडे बघायचं, एकानं डावीकडे.

ते आपल्यावर येतंय का?

हे मी सगळ्यात जास्त वेळ शिकवतो, कारण उरलेलं सगळं यावर उभं आहे.

जहाजाच्या मागे लांबवर एखादी डोंगराची सोंड, मनोरा, झाड शोधा. तुम्ही एका दिशेनं, एका वेगानं वल्हवत असताना जहाज त्या खुणेच्या पुढे सरकत असेल, तर ते तुमच्या पुढून निघून जाईल. खुणेच्या मागे मागे पडत असेल, तर तुम्ही आधी पार व्हाल. पण जहाज त्याच खुणेवर खिळून राहिलं आणि नुसतं मोठं मोठं होत गेलं, तर तुमची आणि त्याची टक्कर ठरलेली आहे. 'मोठं होतंय पण हलत नाही' हे शब्द मी मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेतो. मागे खूण नसेल तर डेकवरच्या होकायंत्रावर जहाजाची दिशा बघा, मिनिटभरानं पुन्हा बघा. आकडा तोच आला, तर धोका. शंका असेल तर धोका आहे असंच धरायचं, हे सातव्या नियमातच लिहिलं आहे.

तोच नियम आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती बरेच जण विसरतात. जहाज फार मोठं किंवा फार जवळ असेल, तर दिशा बदलताना दिसत असूनही टक्कर होऊ शकते. कारण साधं आहे: तुम्ही त्याचं पुढचं टोक बघत असता, आणि त्याच्यामागे चारशे मीटर लोखंड यायचं असतं.

थांबून बघत असाल तर आणखी सोपी खूण. जहाजाची एकच बाजू दिसते की दोन्ही? दोन्ही बाजू सारख्या दिसल्या आणि पुढचं-मागचं डोलकाठीचं टोक एका रेषेत आलं, तर ते सरळ तुमच्याकडे येतंय. टोकं एकमेकांपासून सुटी झाली की पुढचं, म्हणजे बुटकं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला जहाज चाललंय. रात्री हेच दिव्यांवरून कळतं. लाल दिवा जहाजाच्या डाव्या अंगाचा, हिरवा उजव्या अंगाचा. दोन्ही एकदम दिसले तर त्याचं तोंड तुमच्याकडे आहे.

ओलांडताना

आधी हिशेब. नवखा माणूस तीन नॉटनं, म्हणजे मिनिटाला नव्वद-ब्याण्णव मीटर जातो. मार्ग ३०० मीटर रुंद असेल तर सव्वातीन मिनिटं. गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग धरा आणि आलेला वेळ दुप्पट करा: साडेसहा मिनिटं. तेवढ्या वेळात १२ नॉटचं जहाज २४०० मीटर येतं. म्हणजे अडीच किलोमीटरच्या आत येणारं जहाज दिसत असेल, तर थांबायचं. अंतराचा अंदाज येत नसेल, तरीही थांबायचं. थांबल्यानं आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

जहाज गेल्यावर त्याच्या मागून जा. पण लगेच नको. त्याच्या आडून दुसरं जहाज किंवा उलट दिशेनं येणारी बोट निघू शकते. पाणी पूर्ण मोकळं दिसेपर्यंत आणि खळबळ बसेपर्यंत थांबा.

कयाकचं तोंड मार्गाला काटकोनात ठेवा. प्रवाह तुम्हाला बाजूला नेईल, नेऊ द्या. समोरच्या एखाद्या खुणेवर नेमकं पोहोचण्यासाठी प्रवाहाविरुद्ध तिरकं वल्हवत बसलात, तर मार्गात जास्त वेळ राहाल. पलीकडे गेल्यावर उथळ पाण्यातून परत वर या. मोठ्या समुद्रात जहाजांच्या जाण्या-येण्याच्या ठरवून दिलेल्या पट्ट्या असतात, तिथे दहावा नियम हेच सांगतो.

गट असेल तर सगळे एकदम, बाजूबाजूनं, दाटीनं. लांब माळ करून गेलात तर पहिला पोहोचतो तेव्हा शेवटचा अजून मधोमध असतो. दाटीनं असलेले पाच कयाक दिसण्याची शक्यताही जास्त. मध्ये कुणी फोटो काढायचा नाही, पाणी प्यायचं नाही, टोपी पडली तर तिला सोडून द्यायचं.

अर्ध्यावर असताना जहाज दिसलंच, तर जवळची कड गाठा. परतायचं तर परता, पुढे जायचं तर पुढे जा, पण एकच ठरवा आणि जोर लावा. गटात 'मागे' की 'पुढे' हे म्होरक्यानं एकदाच ओरडून सांगायचं. पुढे-मागे घुटमळणारी कयाक जहाजवाल्याला सगळ्यात जास्त घाबरवते, कारण तिचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

भोंगे

छोटा भोंगा सुमारे एक सेकंदाचा, लांब भोंगा चार ते सहा सेकंदांचा. एक छोटा: मी उजवीकडे वळतोय. दोन छोटे: डावीकडे. तीन छोटे: इंजिन उलटं चालवतोय. वळणाआड असलेलं जहाज एक लांब भोंगा देतं. आणि पाच किंवा जास्त छोटे, भरभर: तुझा बेत मला कळत नाही, तू पुरेसं काही करत नाहीस. हे पाच ऐकले तर ते आपल्यासाठीच आहेत असं समजून मार्गाबाहेर पडा, मग मागे वळून बघा कुणासाठी होते.

उभी जहाजं आणि टग

धक्क्याला लागलेलं जहाज झोपलंय असं समजू नका. दोर सैल होतायत, जहाजांना ओढणारी-ढकलणारी टगबोट जवळ येतेय, वर निळ्यात पांढरा चौकोन असलेला झेंडा आहे, रडारची पट्टी फिरू लागलीय: यांतलं काहीही दिसलं की लांब व्हा. पुढच्या भागात पाण्याखाली आडवा पंखा असतो, तो सुरू झाला तर पाण्याचा झोत कयाक सहज फिरवून टाकतो.

नांगरलेल्या जहाजाचं तोंड बहुतेक वेळा प्रवाहाकडे असतं. त्याच्या पुढून जाऊ नका. प्रवाह तुम्हाला साखळीवर आणि जहाजाच्या अंगावर नेऊन चिकटवतो, आणि त्या भिंतीला धरायला काही नसतं. मागून, बरंच अंतर ठेवून जा.

टग आणि तिनं ओढलेला बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) यांच्या मधून कधीही, कोणत्याही कारणानं जायचं नाही. मधलं पाणी रिकामं दिसतं, कारण दोर पाण्याखाली लोंबत असतो. टगनं वेग घेतला की तोच दोर ताणून वर येतो. टग दिसली की आधी शोधा, तिच्यामागे काय आहे. टगच्या मागच्या टोकापासून बार्जच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर २०० मीटरपेक्षा जास्त असेल तर दिवसा पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार टांगलेला असतो, आणि बार्ज इतका मागे असतो की दोघांचा संबंध आहे हे पटकन लक्षातच येत नाही.

जहाज गेल्यानंतरचं पाणी

लाटा जहाजाबरोबर येत नाहीत, मागून येतात. खोल पाण्यात त्या लांबट आणि सोप्या असतात. कयाकचं तोंड त्यांच्याकडे थोडं तिरकं करा, कंबर सैल सोडा, वल्हं पाण्यात चालू ठेवा. उथळात त्याच लाटा उभ्या होतात आणि फुटतात. दगडी भिंतीजवळ तर आलेली आणि परतलेली लाट एकमेकींवर आदळते. म्हणून जहाज जात असताना भिंतीला चिकटून थांबू नका.

अरुंद मार्गात लाटेच्या आधी एक वेगळी गोष्ट होते. मोठं जहाज जाताना कडेचं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. एकदा आम्ही चिखलाच्या काठावर कयाक अर्ध्या ओढून ठेवल्या होत्या. जहाज आलं, आणि कयाकच्या मागच्या टोकाखालचं पाणी आवाज न करता सरकू लागलं. घोट्याएवढं होतं ते गेलं, खालचे शिंपले उघडे पडले. सगळे कौतुकानं बघत राहिलो. क्षणभरानं तेच पाणी गुडघ्याच्या वर चढून परत आलं, दोन कयाक आडव्या होऊन आत गेल्या, आणि त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एका मुलीचा पाय थोडक्यात वाचला. त्यानंतर माझा नियम झाला: काठाला लागलात की कयाक पूर्ण वर, आणि तिच्या व पाण्याच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. पाणी मागे सरकताना दिसलं तर वर पळा.

अंधार, धुकं, आणि उलटल्यावर

धुक्यात आणि अंधारात नवख्यांनी जहाजांचा मार्ग ओलांडू नये. अंधार पडण्याआधी परतता आलं नाही, तर बोयांच्या बाहेर राहा. वल्ह्यांच्या होडीजवळ निदान पांढरी विजेरी हाताशी असलीच पाहिजे आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवली पाहिजे, असा नियम आहे. डोक्यावरची विजेरी सतत लावून ठेवलीत तर तुम्हालाच पुढचं दिसणार नाही. ती गळ्यात ठेवा, लागेल तेव्हा लावा.

रेडिओवर बोलायचं तर वाक्य आधीच मनात बांधून ठेवा: कोण, किती कयाक, कोणत्या बोयाजवळ, कुठे चाललोय, किती मिनिटांत पार होऊ. बंदराचा कामकाजाचा चॅनेल निघण्यापूर्वी लिहून घ्या. संकटासाठी चॅनेल १६.

मार्गात कुणी उलटलं, तर पहिल्या साथीदारानं त्याला कयाकमध्ये परत घ्यायचं, दुसऱ्यानं दोर अडकवून दोघांनाही त्याच क्षणी मार्गाबाहेर ओढायला लागायचं. कयाकमधलं पाणी उपसणं बाहेर गेल्यावर. म्होरक्या तेवढ्यात रेडिओवर सांगेल. जहाज जवळ असेल आणि कयाक ओढणं जमत नसेल, तर कयाक सोडा, माणसाला आपल्या कयाकच्या टोकाला धरून न्या. रेडिओ नसेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा. ही जगभर ओळखली जाणारी संकटाची खूण आहे. सगळे सुखरूप काठाला लागलात की ज्यांना हाक मारली होती त्यांना रेडिओवर लगेच कळवा, आणि सोडून दिलेली कयाक कुठे वाहत गेली असेल तेही सांगा. नाहीतर रिकामी कयाक कुणाला तरी दिसेल आणि आत नसलेल्या माणसाचा शोध सुरू होईल.